‘दोस्त की गाडी है’: स्पीतीच्या वाटेवर आमचे 55 हजार कसे गेले

चंदीगडहून गाडी भाड्याने घेऊन मनाली-स्पीतीला जाण्याचा बेत करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. आम्ही चौघं होतो. मी, माझी सांगलीची बालमैत्रीण, तिचा नवरा (त्यांना मी दाजी म्हणते) आणि कॉलेजपासूनचा आमचा एक मित्र. डिपॉझिटचे 20,000 आणि वर 35,000, असे भाडं सोडून 55,000 रुपये एका गाडीवाल्याला देऊन आलो. त्यातले फार तर पाच-सहा हजार त्याच्या हक्काचे होते. बाकीचे त्याने आमच्याकडून काढले. ते काढता यावेत याची तजवीज त्याने पहिल्याच रात्री, एका वाक्यात करून ठेवली होती.

पावसाळ्यात हिमाचलला कशाला, असं घरच्यांनी विचारलंच. जुलै 2023 मध्ये बियास नदीने मनाली, कुल्लू, मंडीत काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्याच दिवसांत चंद्रताल तलावाजवळ अडीचशेहून जास्त पर्यटक अडकून पडले होते. पण लाहौल-स्पीती पर्जन्यछायेत येतं, आणि सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कोयनेला धो धो आणि आटपाडीला कोरडं, हे तो लहानपणापासून बघतो. खरा धोका असतो तो मंडी-कुल्लूच्या दरडींचा आणि अटल बोगद्याच्या पलीकडे ग्राम्फू ते बातल या वाटेवरच्या नाल्यांचा. उन्हाने वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर त्या नाल्यांचं पाणी चढतं. म्हणून आम्ही दोन दिवस हाताशी राखून ठेवले, नाले सकाळीच ओलांडायचे ठरवलं, औषधं घेतली. आमची सगळी भीती रस्त्याची होती. गाडीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

गाडी मी ठरवली होती. नकाशावर शोधलं, शेकडो रिव्ह्यू आणि जवळजवळ सगळे पाच तारे. हे रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावून बघायचे असतात हे मला नंतर कळलं. तसे लावले तेव्हा दिसलं की बहुतेक एका महिन्यातले आहेत आणि एका ओळीचे आहेत. सात सीटच्या गाडीला बाकीचे दिवसाला चार-साडेचार हजार सांगत होते, हा 2,800 म्हणाला. ‘बरसात में कस्टमर नहीं होता, मॅडम,’ हे त्याचं कारण मला पटलं. स्पीतीला जाणार आहोत, ग्राम्फूवरूनच जाणार आहोत, हे मी फोनवर दोनदा सांगितलं. ‘रोज जाती हैं जी.’ हे मी लिहून घ्यायला हवं होतं, मेसेजवर. घेतलं नाही.

पुण्याहून संध्याकाळच्या विमानाने चंदीगडला उतरलो. गाडी त्याच्या ऑफिसात मिळणार होती. ऐनवेळी फोन आला की ऑफिसच्या गल्लीत पाणी भरलंय, झिरकपूरच्या उड्डाणपुलाखाली या. रात्रीचे नऊ वाजलेले, पाऊस चालू, पुलाच्या कडेने पाण्याच्या धारा पडत होत्या. गाडी पुलाखाली अर्धी आणि पावसात अर्धी उभी होती. पुढचं तोंड पावसात. आमच्या मित्राने मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती फेरी मारली, व्हिडिओही काढला. तो व्हिडिओ मी आता कितीतरी वेळा बघितला आहे. ओल्या पत्र्यावर टॉर्चचा झोत पडतो आणि फक्त चमक दिसते. बंपरवर थेंबांची नुसती जाळी आहे, तिच्याखाली ओरखडा असो की तडा, काही कळत नाही. ओली गाडी रात्री ताब्यात घेणं म्हणजे न बघताच घेणं.

नंबर प्लेट पांढरी होती. आता एवढं सगळ्यांना माहीत असायला हवं, पण आम्हाला नव्हतं, म्हणून सांगते. ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते, ती भाड्याने देताच येत नाही. आणि तिचा विमा खासगी वापराचा असतो. पॉलिसीत भाड्याचा वापर स्पष्ट वगळलेला असतो. म्हणजे गाडी दरीत गेली असती तर विमा कंपनी हात वर करू शकली असती. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की तिचा वर्ग आणि विम्याची मुदत मिनिटात कळते. आम्ही ते मनालीला परतल्यावर केलं.

तर त्या पुलाखाली त्याने दाजींचं ओरिजिनल लायसन ठेवून घेतलं. डिजिलॉकरमधलं पोलिसांना चालतं म्हणाला, आणि ते चालतंही. डिपॉझिट यूपीआयने एका बाईच्या नावावर गेलं, ‘घरवाली का अकाउंट है.’ स्टॅम्प पेपरवर सही झाली. मजकूर बारीक, कागद ओलसर, आणि त्याच्या हातातल्या छत्रीखाली दाजी वाकून सही करतायत. प्रत मागितली तर ‘व्हॉट्सअॅप कर दूंगा.’ आणि मग निघताना, अगदी सहज, खिडकीत वाकून तो म्हणाला, ‘रस्ते में कोई पूछे तो बस इतना बोल देना, दोस्त की गाडी है.’

आम्हाला ते खटकलं. मैत्रीण गाडीत म्हणाली की हे काही बरोबर वाटत नाही. पण हॉटेल ठरलेलं, पहाटे पाचला निघायचं, रात्री दहा वाजता दुसरी गाडी कुठून आणणार? अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला. ‘सर पुलिस को दोस्त की गाडी बोलना.’ दाजींनी उत्तर दिलं, ‘ओके.’

दुसऱ्या दिवशी कुल्लूच्या अलीकडे नाक्यावर गाडी थांबवली. हवालदाराने विचारलं, गाडी कुणाची? दाजी म्हणाले, दोस्त की. दोस्ताचं नाव काय? दाजींनी गाडीवाल्याचं नाव सांगितलं. आरसीवर नाव दुसऱ्याचंच होतं. पाऊस जोरात होता, मागे रांग लागली होती. त्याने आमच्या तोंडाकडे बघितलं आणि जा म्हणून हात केला. दाजी आयुष्यात पोलिसांशी खोटं बोललेले नाहीत. त्या नाक्यानंतर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

प्रवासाबद्दल इथे फार लिहीत नाही. सिस्सूला एक मुक्काम केला, चंद्रतालच्या तंबूंत एक रात्र काढली, कुंझूम खिंड ओलांडून काझाला दोन दिवस राहिलो, ‘की’ नावाचा गोंपा (बौद्ध मठ) आणि हिक्किमचं पोस्ट बघितलं. पाऊस जवळजवळ लागला नाही. परत येताना छत्रूच्या आधीच्या एका नाल्यात पाण्याखालचा दगड गाडीला खालून लागला. खणकन आवाज झाला. उतरून पाहिलं, इंजिनाखालचा पत्रा आत दबला होता, तेल गळत नव्हतं. हे नुकसान आमचं. मनालीच्या मेकॅनिकने पाच हजारांच्या आत काम होईल म्हणून सांगितलं, आणि गाडीवाल्याला मी स्वतः फोन करून हे कळवलं. तो शांतपणे म्हणाला, ‘कोई बात नहीं, आप आओ.’

आमचं विमान दुपारी एकचं होतं, हे त्याला माहीत होतं. गाडी परत घ्यायची वेळ त्यानेच सकाळी आठची दिली आणि आला सव्वादहाला. बरोबर एक मुलगा, बादली आणि फडकं. आधी गाडी धुतली. ऊन पडलं होतं. मग तो मुलगा कोरड्या फडक्याने बंपर पुसू लागला आणि डाव्या कोपऱ्यात थांबला. तिथे वीतभर लांब तडा होता. त्याने अंगठ्याचं नख त्या तड्यातून ओढलं आणि काही न बोलता मालकाकडे पाहिलं. त्याला तो तडा शोधावा लागला नाही, इतकंच मला त्या क्षणी जाणवलं. मी खाली बसून बघितलं. तड्याच्या आत काळं, सुकलेलं पॉलिश बसलं होतं. आठ दिवसांत आम्ही गाडीला पॉलिश केलेलं नव्हतं. बरेच दिवस जुन्या तड्यावरून कुणीतरी पॉलिशचा हात फिरवलेला होता.

हिशेब त्याने मोबाइलवर टाइप करूनच आणला होता. बंपर 18,000. क्लच 24,000. सस्पेन्शन 12,000. गाडी दहा दिवस गॅरेजमध्ये उभी राहील, तिचं भाडं 28,000. एकूण 82,000. आम्ही कळवलेल्या खालच्या पत्र्याचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता.

मैत्रिणीला आठवलं की पहिल्या दिवशी बिलासपूरच्या अलीकडे ढाब्यावर तिने पराठ्यांचा फोटो काढला होता. तो सापडला. सकाळी सात चाळीस. ताटाच्या मागे गाडीचं तोंड आणि डाव्या कोपऱ्यात तो तडा, स्वच्छ दिसतोय. तेव्हा आम्ही फक्त गुळगुळीत चौपदरी रस्त्याने आलो होतो. आम्हाला वाटलं, सुटलो. तो म्हणाला, रात्री नऊपासून गाडी तुमच्या ताब्यात होती, तुम्हीच कुठेतरी ठोकली असेल. मग स्टॅम्प पेपर काढला. तो आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात वाचला. ग्राम्फू-काझा रस्त्यावर गाडी नेल्यास तो ‘ऑफ-रोड’ धरला जाईल आणि डिपॉझिट जप्त, असं त्यात होतं. ज्या रस्त्याने जाणार म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, तोच.

आमचा मित्र तापला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. गाडीवाल्याने आवाज चढवला नाही. तो मेसेज उघडून त्याने दाजींसमोर धरला. ‘बुलाओ जी. आप ही ने पुलिस को बोला ना, दोस्त की गाडी है. झूठ किसने बोला?’

इथे आमचा हात दगडाखाली सापडला. दाजी सरकारी नोकरीत आहेत. परक्या राज्यात, पोलिसांशी खोटं बोलायला मेसेजवर लेखी होकार दिलेला, ओरिजिनल लायसन त्याच्या खिशात, आणि विमानाला अडीच तास. आज शांतपणे विचार केला की कळतं, बेकायदा धंदा त्याचा होता. परवाना नसलेली गाडी भाड्याने तो देत होता आणि पोलिसांची भीती आमच्यापेक्षा त्याला जास्त वाटायला हवी होती. पण ते वाक्य आमच्या तोंडून वदवून घेतल्यामुळे भीती आमच्या बाजूला आली. ज्याला आपण थोडं खोटं बोलायला मदत केली, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायला माणूस कचरतो, हे तो ओळखून होता.

घासाघीस करून डिपॉझिट आणि वर 35,000 यावर मिटलं. लायसन मिळालं. बिल मागितलं, ‘भेज दूंगा’ म्हणाला. विमानात मैत्रीण रडली. दाजी तिला समजावत होते की पैसे गेले, जाऊ दे, धडधाकट परत आलो. मला मात्र झोप लागेना. गाडी मी ठरवली होती.

आता गप्प बसलेलो नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, चंदीगडला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलले. मग कागद जमवायला घेतले. यूपीआयच्या पावत्या, पराठ्यांचा फोटो मूळ फाइलसकट, आणि तो ‘दोस्त की गाडी’चा मेसेजही. तो लपवायचा नाही असं दाजींनीच सांगितलं. नाक्यावर काय बोललो तेही तक्रारीत लिहायचं. ते एकदा आमच्याच हाताने लिहून झालं, की त्याच्याकडे धाक दाखवायला काही उरत नाही. हे त्या सकाळी सुचलं असतं तर तिथेच 112 फिरवला असता, विमान चुकलं असतं तरी.

म्हणून कळकळीने सांगते, गाडी दिवसाच्या उजेडात आणि कोरडी असताना घ्या. पांढरी पाटी दिसली तर दिलेला इसार सोडून द्या, पण त्या गाडीत बसू नका. ओरिजिनल लायसन कुणाच्या हातात देऊ नका. रस्त्याचं नाव मेसेजवर लिहून त्याचा होकार घ्या. आणि ज्या क्षणी कुणी म्हणेल की पोलिसांना अमुक सांगा, त्या क्षणी सौदा मोडा. आम्ही तिथेच मोडायला हवा होता. फार तर एक दिवस गेला असता.

त्याचा नंबर पुरावा म्हणून अजून माझ्या फोनमध्ये आहे, त्यामुळे त्याचं स्टेटस मला दिसतं. गेल्या शुक्रवारी त्याने तीच गाडी टाकली होती. तोच नंबर, ‘स्पीती स्पेशल, 2,800 पर डे’. फोटो मोठा करून पाहिला. बंपरच्या डाव्या कोपऱ्यात तो तडा तसाच आहे. ज्याच्या दुरुस्तीचे 18,000 त्याने आमच्या हिशेबात लावले होते, तोच. स्क्रीनशॉट काढून दाजींना पाठवला. तक्रारीला जोडायच्या कागदांत तो आता सगळ्यात वर आहे.