नुसता गट, ट्रस्ट की पक्ष? मुंबईत मर्यादित सरकारसाठी काम सुरू करताना

परळमधल्या एका तरुणाचा गेल्या महिन्यात फोन आला. वडिलांची खानावळ आता तो चालवतो. म्हणाला, "काका, आम्ही आठ जण आहोत. सरकारने लोकांच्या धंद्यात, घरात, भाड्यात जरा कमी ढवळाढवळ करावी असं आम्हाला मनापासून वाटतं. नुसतं बोलून कंटाळलो. आता ट्रस्ट काढू, पक्ष काढू, की असंच दर रविवारी भेटत राहू?"

फोनवर मी त्याला अर्धवटच उत्तर दिलं. पार्ल्यात आम्ही अकरा जणांनी असाच गट सुरू केला होता. उत्साहाच्या भरात वर्षाच्या आत त्याची संस्था केली आणि कुठे चुकलो ते नंतर हळूहळू कळत गेलं. त्याच्यासारखा प्रश्न पडलेले आणखी कोणी असतील, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

"हे विचार आपल्याकडे चालायचे नाहीत" असं तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवलं जाईल. तेव्हा क्रॉफर्ड मार्केटची आठवण करून द्या. आर्थर क्रॉफर्ड १८६५ ते १८७१ मुंबईचे पालिका आयुक्त होते. त्यांच्या काळात रस्ते झाले, ती देखणी मंडई उभी राहिली, पण खर्चाला लगाम नव्हता. १८७१ मध्ये नवरोजी फर्दुनजींसारख्या मंडळींनी करदात्यांना एकत्र आणून हिशेब मागितला. त्या गदारोळातून १८७२चा कायदा आला आणि ६४ जणांच्या सभागृहात निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून दिलेले असावेत असं ठरलं. म्हणजे या शहराला नगरसेवक मिळाले तेच मुळी "आमच्या पैशाचा हिशेब द्या" म्हणणाऱ्या लोकांमुळे.

नुसता गट

नाव ठरवा, वही घाला, भेटायची जागा पक्की करा, झालं. घटनेच्या कलम १९ने संघटना करण्याचा हक्क दिलेला आहे, त्यासाठी कोणाकडे नोंदणी करावी लागत नाही. अनेकांना हे खरं वाटत नाही. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ दर बैठकीत विचारायचे, "पण आपण अधिकृत आहोत का?"

सुरुवातीचं बहुतेक काम असा गट पुरेपूर करू शकतो. माहिती अधिकाराचंच घ्या. २००५चा तो कायदा नागरिकाला माहिती देतो. अर्ज व्यक्तीच्या नावानेच करावा, तेव्हा संस्था नसल्याने काहीच अडत नाही. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून आठ जणांनी आठ नेमके अर्ज करणं हे एका लांबलचक अर्जापेक्षा केव्हाही चांगलं. उच्च न्यायालयात जनहित याचिकाही व्यक्ती दाखल करू शकते. राज्याच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर अपील करतो तो अर्जदार. तिथेही तुमच्या लेटरहेडची गरज नाही.

आणखी एक फायदा मुंबईत फार मोलाचा आहे. गटात कोणीही येऊ शकतं. प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी कुठल्या तरी पक्षाच्या शाखेशी बांधलेला असतो, नातेवाइकांमुळे, मंडळामुळे, जुन्या उपकारामुळे. अशा माणसाला पक्ष सोडायला सांगितलं तर तो येणार नाही. फक्त वॉर्ड ऑफिसचा हिशेब वाचायला बोलावलं तर येतो.

कमजोरी पैशाची. हॉलचं भाडं, छपाई, वकिलाची फी खजिनदाराच्या खासगी खात्यात क्यूआर कोडने जमा होऊ लागली की चार महिन्यांत कुरबुर सुरू होते. खजिनदार कितीही प्रामाणिक असो. यावर मधला मार्ग आहे. नोंदणी नसलेल्या मंडळालाही ठराव आणि पॅन देऊन बँकेत मंडळाच्या नावाने खातं उघडता येतं. सगळ्याच शाखा त्याला उत्साहाने तयार होत नाहीत, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं. आणि दुसरी कमजोरी म्हणजे गट दोघा-तिघांच्या उमेदीवर चालतो. त्यातला एक बदलापूरला राहायला गेला की रविवारची बैठक महिन्यावर जाते.

संस्था किंवा ट्रस्ट

सात जण असले की १८६०च्या सोसायटी कायद्याखाली संस्था होते. महाराष्ट्रात तिची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदणी होते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलं. कंपनी कायद्यातलं कलम ८, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी, हाही पर्याय आहे, पण आठ जणांच्या गटाला तो अंगापेक्षा बोंगा मोठा.

नोंदणीने टिकाऊपणा येतो, आणि याचं उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज सुरू केला. ते १९६५ मध्ये गेले, पण काम थांबलं नाही. कायदेपंडित नानी पालखीवालांची अर्थसंकल्पावरची व्याख्यानं ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं ते याच फोरमच्या व्यासपीठावर. फोरमने एकही निवडणूक लढवली नाही. लोकांना अर्थसंकल्प वाचायला शिकवलं. आता त्याच्या शेजारी स्वतंत्र पक्ष ठेवून बघा. राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) १९५९ मध्ये काढलेला, मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी ज्याच्या आघाडीवर होते, तो हा पक्ष. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा, सर्वांत मोठा विरोधी पक्ष. १९७४ मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला. विचार तोच, शहरही एका अर्थी तेच. मला हा फरक फार बोलका वाटतो.

व्यवहारातही नोंदणी उपयोगी पडते. २०१४च्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडलेले असतात, पण स्वयंसेवी आणि स्थानिक संस्थांनाही किमान दहा टक्के जागा आहेत. तिथे बसायचं तर कागदावर अस्तित्व असलेलं बरं. शिवाय आयकरातली ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळाली तर देणगीदार सापडतात.

आता किंमत. दरवर्षी ऑडिट. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे तसा चेंज रिपोर्ट. आमचा खजिनदार बदलला तेव्हा हा रिपोर्ट द्यायचा राहून गेला. चूक संपूर्ण आमचीच होती, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत आम्ही मुदत घालवली. मग उशीर माफ करण्याचा अर्ज, वकील, खेपा. त्या वर्षी परवान्यांवर आम्ही एकही पत्रक काढलं नाही, कारण दर बैठकीत आमच्याच कागदांची चर्चा व्हायची. ज्या सात-आठ तरुणांना आम्ही मोठ्या मुश्किलीने जोडलं होतं, त्यातले पाच त्या काळात यायचे बंद झाले. मला अजून वाईट वाटतं.

याहून महत्त्वाचं कायद्याचं कुंपण. राजकीय उद्देश धर्मादाय मानला जात नाही. ट्रस्ट लोकशिक्षण करू शकतो, राजकीय शिक्षणाचा प्रसार हा हेतू तर सोसायटी कायद्यातच दिलेला आहे. पण एखाद्या उमेदवारासाठी किंवा पक्षासाठी प्रचाराला उतरणं ट्रस्टला झेपणारं नाही, नोंदणी आणि करसवलत दोन्ही धोक्यात येतात. तेव्हा पुढे निवडणुकीत हात घालायचा विचार असेल तर ट्रस्टचा कागद करण्याआधी दहादा विचार करा.

जाता जाता एएलएमबद्दल (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट). घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झालेली ही गल्लीपातळीवरची पद्धत कचरा आणि स्वच्छतेसाठी चांगली आहे, तुमच्या भागात असेल तर जरूर सामील व्हा. पण ती पालिकेच्या सोबतीने चालते. पालिकेने काय करू नये हे सांगण्याची ती जागा नाही.

पक्ष

यावर थोडक्यात लिहितो, कारण आठ जणांसाठी माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. निवडणूक आयोगाकडे नोंदणीसाठी किमान शंभर मतदार सदस्य, दहा हजार रुपये शुल्क, वर्तमानपत्रांत जाहीर नोटिसा. हे जमवता येईलही. खरी अडचण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अमध्ये आहे. १९८९ पासून लागू झालेलं हे कलम सांगतं की नोंदणी मागणाऱ्या पक्षाच्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लिहिलेली असली पाहिजे. ज्यांचा सगळा खटाटोप सरकारच्या हातातलं कमी करण्यासाठी आहे, त्यांना पहिल्याच पानावर हे लिहून द्यावं लागतं. स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्रातल्या जुन्या मंडळींनी नव्वदच्या दशकात याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. कलम अजून तसंच आहे. कोणी म्हणतं लिहून द्यायचं आणि पुढे जायचं. मला ते पटत नाही. ज्या वाक्यावर आपला विश्वास नाही त्याखाली सही करून चळवळीची सुरुवात करू नये.

शरद जोशींचा क्रमही पाहा. १९७९ मध्ये शेतकरी संघटना, "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा, लाखोंचे मेळावे, आणि स्वतंत्र भारत पक्ष त्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनी, १९९४ मध्ये. एवढी ताकद पाठीशी असूनही पक्ष संघटनेच्या उंचीला पोचला नाही.

निवडणूक लढवायचीच असेल तर पक्षाशिवायही वाट आहे. २००७ मध्ये जुहूतून ॲडॉल्फ डिसोझा नागरिकांचे उमेदवार म्हणून अपक्ष उभे राहिले आणि नगरसेवक झाले. आधी वर्षानुवर्षं वॉर्डात काम, मग उमेदवार. हा क्रम उलटा करून कोणी यशस्वी झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

रूपापेक्षा मुद्दा आधी

गट की संस्था यावर महिनाभर वाद घालणारे पहिला मुद्दा मात्र पाच मिनिटांत ठरवतात. आम्हीही तेच केलं आणि मालमत्ता कर घेतला. पुढे जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ झाला. आज तुम्ही हा मुद्दा घेतलात तर चाळीतला आणि छोट्या फ्लॅटमधला माणूस तुमच्याकडे का येईल?

पागडी आणि भाडे नियंत्रण हा तर या विचाराचा गाभा. १९४७च्या कायद्याने गोठवलेली भाडी, त्यामुळे दुरुस्तीविना खचलेल्या इमारती, सगळं डोळ्यांसमोर. पण गिरगाव-लालबागमध्ये पहिल्या बैठकीत तो काढलात तर अर्धी खोली भाडेकरूंची असते, आणि त्यांची भीती खरी असते. डोक्यावरचं छप्पर जाईल म्हणून घाबरलेल्या माणसाला अर्थशास्त्र सांगू नये. दोन-तीन वर्षांचा विश्वास जमल्यावर हा विषय घ्या.

माझ्या मते सुरुवात परवान्यांपासून करावी, आणि त्यातही छोट्या धंद्यांपासून. इथे जिंकता येतं याचा पुरावा आहे. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची नोंदणीची कटकट काढली. त्यांना आता फक्त सूचना द्यावी लागते. दुकानं चोवीस तास, बाराही महिने उघडी ठेवायची मुभा मिळाली. त्याच वर्षी १ जुलैला जकात गेली आणि मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा गेल्या. लोकांना हे आठवतं. खानावळ, शिवणकाम, झेरॉक्स, भाजीची गाडी: यातला एकेक धंदा घ्या, त्याला कोणकोणते कागद लागतात ते मालकाजवळ बसून लिहून काढा.

फेरीवाल्यांचा प्रश्न यातच येतो आणि तुमच्या गटाची खरी परीक्षा तिथे होईल. सोसायटीतले सभासद म्हणतील फूटपाथ मोकळा करा, आणि त्यांचं खोटं नाही. भाजीवाली म्हणेल मला पोट आहे, गाडी आली की माल उचलला जातो, आणि तिचंही खोटं नाही. उपजीविकेच्या हक्कावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५चा निकाल मुंबईच्या पदपथांवरच्या लोकांच्याच खटल्यात आला होता. सरकार कमी हवं म्हणणारा गट फक्त बंगल्यांच्या बाजूने बोलला तर तो गल्लीतला उरणार नाही. दोघांनाही एका खोलीत बसवायची तयारी असेल तरच या कामात पडा.

आणखी एक प्रसंग येणारच. कोणी तरी दाराशी येऊन म्हणेल, "नळाचं काम अडलंय, तुमची ओळख असेल तर बघा." शाखेत गेलं की काम होतं ही मुंबईची जुनी सवय, आणि अडल्या माणसाला तिथे आधार मिळाला हेही खरं. तुम्ही त्याला हाकलू नका. त्याच्यासोबत बसून अर्ज लिहा, मुदत दाखवा, अपील कसं करायचं ते शिकवा. ओळख वापरून काम करून दिलंत तर पुढच्या आठवड्यात दहा जण येतील आणि तुमचा गट आणखी एक खिडकी होऊन बसेल.

त्या परळच्या मुलाला मी आता हे लिहून पाठवतो आहे: आठ जण आहात, तर वर्षभर नोंदणी नको. एकच वॉर्ड धरा. मंडळाच्या नावाने बँक खातं आणि दर महिन्याला भिंतीवर लावलेला हिशेब एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. पालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, त्यातलं तुमच्या वॉर्डात काय आलं ते आधी शोधा. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्या काळातल्या खर्चावर प्रश्न विचारायला भरपूर वाव आहे. वर्षाअखेरीस पंचवीस माणसं नियमित येत असतील आणि पैसा लाखाच्या घरात गेला असेल, तर संस्था करा, आणि चेंज रिपोर्टची तारीख सांभाळणारा एक माणूस आधीच नेमा. निवडणुकीचं मन असेल तर संस्थेचे विश्वस्त वेगळे आणि उमेदवार वेगळा ठेवा.

पहिल्या रविवारी तुझ्याच खानावळीचे परवाने टेबलावर मांड. मी येतो, वही घेऊन.