नाक धुवायची सलाइन बाटली, सहा महिने वापरून

मला धुळीची अ‍ॅलर्जी, दिवाळीनंतर तर सकाळी उठलं की पंधरा-वीस शिंका ठरलेल्याच, रात्री नाक चोंदलेलं आणि तोंडाने श्वास. ईएनटीवाल्या मॅडमनी स्प्रेसोबत ही २४० मिलीची दाबायची बाटली घ्यायला सांगितली. म्हणजे आपली जलनेतीच, फक्त नेतीपात्राच्या जागी प्लास्टिक.

पहिल्या दिवशी पुडी न टाकता नुसतंच पाणी घेतलं आणि कपाळापर्यंत असं झणझणलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुडीत मीठ आणि खायचा सोडा असतो, ती कोमट पाण्यात विरघळवली की अजिबात झोंबत नाही. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, हळू दाबायचं, एका नाकपुडीतून गेलेलं पाणी दुसरीतून येतं. तिसऱ्या आठवड्यात मी रात्रभर नाकाने श्वास घेत झोपले, खरंच रडू आलं.

२०१८ चा कॉक्रेन रिव्ह्यू (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला आढावा) पण वाचला, १४ अभ्यास, ७४७ पेशंट, अ‍ॅलर्जीचा त्रास कमी होतो असं दिसलं पण पुरावा कच्चा आहे असंही त्यांनी सरळ लिहिलंय. म्हणून स्प्रे मनाने बंद करू नका.

आणि प्लीज, नळाचं पाणी तसंच वापरू नका! २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात असं करणारे दोघं नाकातून मेंदूत शिरणाऱ्या निग्लेरिया नावाच्या अमीबामुळे गेले. उकळून कोमट केलेलंच घ्या. ही सूचना माझ्या खोक्यावर इतक्या बारीक अक्षरात होती की आईला चष्मा लावूनही वाचता आली नाही, त्याचा एक स्टार कापला.