अप्पा बळवंत चौकातलं जुन्या पुस्तकांचं दुकान

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला लागलात की लगेच नवीकोरी पुस्तकं घेऊ नका. मी पहिल्याच आठवड्यात घेतली. निम्मी अजून करकरीत आहेत. मग रूममेट ताईने या दुकानात नेलं. विषय सांगितला की काका आधी विचारतात, "2019 पॅटर्न की 2024?" पॅटर्न म्हणजे कुठल्या सालापासूनचा सिलॅबस. उत्तर तोंडपाठ ठेवा, नाहीतर जुन्या सिलॅबसचं पुस्तक गळ्यात पडतं. माझ्या पडलंच. बिल नव्हतं, परत घेतलं नाही. मेकॅनिक्सचं मात्र झकास मिळालं: समासात कुणीतरी पेन्सिलने सोडवलेली गणितं, फ्रिक्शनच्या धड्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. ती गणितंच मला जास्त उपयोगी पडली. घासाघीस चालते. फक्त दुपारी एक ते चार जाऊ नका, शटर खाली. पुणं आहे.