मोफत नेत्रतपासणी आणि साडेआठ हजारांचा चष्मा

परभणी, जालना, बीड या पट्ट्यात गावोगावी मोफत नेत्रतपासणीची शिबिरं लागतात. त्यांतली कितीतरी खरी असतात. शासकीय आणि धर्मादाय रुग्णालयांची माणसं येतात, मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसं शोधतात, गाडीत बसवून शस्त्रक्रियेला नेतात आणि परत आणून सोडतात. त्यांचे उपकारच आहेत. पण त्याच नावाखाली चष्म्याची दुकानंही फिरतात. फलकावर 'मोफत तपासणी' एवढंच मोठ्या अक्षरात असतं. तपासणी फुकट होते आणि चष्मा 'फक्त आजच्या दिवस अर्ध्या किमतीत' गळ्यात पडतो. माझ्या थोरल्या बहिणीची अशाच एका शिबिरात फसवणूक झाली. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण पद्धत सविस्तर सांगतो, कारण ती सगळीकडे तीच आहे.

ताई सेलू तालुक्यात राहते आणि शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत मशीन चालू. पंचेचाळिशी ओलांडल्यावर सुईत दोरा ओवायला त्रास होऊ लागला, तसा तो सगळ्यांनाच होतो. या वयात डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं. मंदिराच्या सभामंडपात शिबिर लागलं तेव्हा ती गेली. एका यंत्रावर हनुवटी टेकवली, आत फुग्याचं चित्र दिसलं, खालून चिठ्ठी बाहेर आली. तपासणी संपली. पोरगा म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटरचा नंबर आहे, चुकायचा प्रश्नच नाही."

इथेच पहिली फसवणूक आहे. त्या यंत्राला ऑटोरिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. ते लांबच्या नंबराचा अंदाज देतं. त्या अंदाजावरून पुढे खरी तपासणी सुरू व्हायची असते. डोळ्यांवर ट्रायल फ्रेम चढवायची, एकेक काच घालायची, "ही बरी की ती बरी" असं विचारत अक्षरांच्या तक्त्यावर नंबर पक्का करायचा. जवळचा नंबर तर माणूस काय काम करतो आणि किती अंतरावर करतो यावर ठरतो. वाचणारा पुस्तक साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो. मशीनवर ताठ बसलेल्या बाईची सुई त्याहून थोडी लांब असते. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या फरकाने नंबर बदलतो. ताईने आपणहून सांगितलं होतं, "माझं बारीक काम लई असतंय." त्यावर पोराने एवढंच उत्तर दिलं, "मग तुम्हाला डिजिटल प्रोग्रेसिव्हच लागणार." म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत.

मग खेळ सुरू झाला. खिशातून निळ्या प्रकाशाचा टॉर्च-पेन निघाला. साध्या काचेतून निळा ठिपका आरपार जाऊन कागदावर पडला, त्यांच्या काचेत अडला. "बघा, मोबाईलचे किरण असे अडतात." मग फ्रेमची दांडी बाहेरच्या बाजूला वाकवून दाखवली: "टायटॅनियम आहे, तुटणार नाही, दोन वर्षं गॅरंटी." काच १.६७ ची (काच प्रकाश किती वळवते त्याचा हा आकडा), एकदम पातळ. छापील किंमत सतरा हजार, आज साडेआठ. बिल म्हणून जो कागद मिळाला त्यावर 'चष्मा १ नग, ८,५००' यापलीकडे एक अक्षर नाही. काच कोणत्या कंपनीची, कोणत्या प्रकारची, नंबर काय, फ्रेम कशाची, गॅरंटी कशाची, काही नाही. तोंडाने सांगितलेलं सगळं हवेत गेलं, आणि ते जावं अशीच सगळी मांडणी होती.

चष्मा आला आणि ताईचे हाल सुरू झाले. शिलाईची रेघ कडेला वाकडी दिसायची. नीट दिसावं म्हणून मशीनवर वाकावं लागायचं, संध्याकाळी मान धरलेली असायची. ओसरीवरून उतरताना पायरी धूसर दिसून एकदा ती पडता पडता वाचली. दुकानात फोन केला की ठरलेलं उत्तर: "सवय होईल, वापरत राहा." ताई मला म्हणाली, "पैसे देऊन डोळ्याला सवय कामून लावायची रे?" तिचा प्रश्न बरोबर होता.

प्रोग्रेसिव्ह काचेची सवय व्हायला काही दिवस लागतात हे खरं आहे, आणि म्हणूनच हे उत्तर इतकं बेमालूम चालतं. या काचेत वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो. लांबचं वरून, वाचायचं खालून, मध्ये मधलं अंतर. पण वाचायचा भाग अरुंद असतो आणि दोन्ही कडांना चित्र लहरतं. हे त्या काचेच्या रचनेतच आहे, महागड्या काचेत कमी होतं एवढंच. म्हणून ती बनवताना मापं काटेकोर लागतात. फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून, ग्राहकाला समोर बघायला लावून, डमी काचेवर पेनाने दोन्ही बुबुळांची जागा टिपतात. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बुबुळ किती मिलिमीटरवर आणि फ्रेमच्या खालच्या कडेपासून किती उंचीवर, हे दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं लिहितात. ताईच्या चेहऱ्याला कुणी पेन किंवा पट्टी लावलीच नव्हती. मापाशिवाय बनवलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याची सहसा सवय होत नाही.

शासकीय रुग्णालयाच्या नेत्रविभागात गेलो तेव्हा हे सगळं उघड झालं. तिथल्या नेत्र चिकित्सा अधिकारी मॅडमनी ताईला ट्रायल फ्रेम घालून बसवलं आणि शिवायचं कापड व सुई-दोरा घेऊन परत यायला सांगितलं. काम करता येईल असा नंबर त्यांनी तिच्याच हातातल्या सुईवर काढला. लांबचा नंबर जवळपास शून्य, जवळचा अधिक दीड. मग चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे तयार काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, लावला. जवळचा नंबर अधिक दोन निघाला. अर्धा नंबर जास्त म्हणजे स्पष्ट दिसायचं अंतर आणखी जवळ सरकतं आणि माणूस वाकतो. मानेचं दुखणं तिथून आलं होतं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती प्रत्येकाने घरी करून बघावी. प्रोग्रेसिव्ह काच ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली की कोरलेल्या दोन अगदी फिकट खुणा दिसतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली जवळच्या नंबराची वाढ कोरलेली असते, नाकाकडच्या खुणेखाली बहुधा कंपनीचं चिन्ह. ताईच्या काचेवर कानाकडे २.०० होतं आणि नाकाकडे काहीच नाही. एका डोळ्याची खूण दुसऱ्यापेक्षा चांगलीच खाली बसवलेली होती. शिल्लक पडलेली, कुठलीतरी बिननावाची तयार काच घासून फ्रेममध्ये बसवली होती.

आणि १.६७ चं काय? जास्त अंकाची काच पातळ होते, पण ज्याचा नंबर चार-पाचच्या पुढे आहे त्यालाच तिचा उपयोग. शून्याजवळच्या नंबराला १.५० ची साधी फायबर काच, म्हणजे दुकानदार जिला सीआर-३९ म्हणतात ती, पुरेशी पातळ असते. उलट तिच्यातून दिसतंही जास्त स्वच्छ, कडांना रंगांची झालर येत नाही. पॉलिकार्बोनेट काच मार लागला तरी सहसा फुटत नाही. म्हणून लहान मुलांना, वेल्डिंग-सुतारकाम करणाऱ्यांना, एकच डोळा चांगला असलेल्यांना आणि रिमलेस फ्रेम घेणाऱ्यांना ती घ्यावी. मात्र तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वर हार्ड कोट हवाच. आपल्याकडची धूळ पदराने किंवा रुमालाने कोरडी पुसली तर कोणतीही काच खराब होते. आधी साध्या पाण्याने धुवावी, मग मऊ कापडाने टिपावी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नये, एप्रिल-मे महिन्यात वरच्या कोटिंगला तडे जातात.

निळ्या टॉर्चची गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते, कारण ती विज्ञानाचा वेश घेऊन येते. त्या पेनचा प्रकाश जांभळ्याकडे झुकलेला असतो, साधारण ४०५ नॅनोमीटरचा. ब्लू-कट काच, म्हणजे निळा प्रकाश अडवते म्हणून विकतात ती, नेमका तेवढा भाग अडवते. मोबाईल आणि संगणकाच्या पडद्याचा निळा प्रकाश ४५० च्या आसपास असतो आणि तो बराचसा त्या काचेतून आत येतोच. म्हणजे प्रयोग खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासून बघणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकावर काम करताना डोळ्यांवर येणारा ताण अशा काचेने, निदान थोड्या काळात तरी, बहुधा कमी होत नाही असं त्यात दिसलं. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीसुद्धा हे चष्मे घ्यायला सांगत नाही. ताई तर दिवसभर कापडाकडे बघते. तिच्याकडून याचे पैसे कशासाठी घेतले?

फ्रेमचं पितळ तिसऱ्या महिन्यात उघडं पडलं. उन्हाळ्यात घामाने सोनेरी मुलामा गेला, नाकावर हिरवट डाग पडले, कानामागे खाज सुटली. हलक्या धातूच्या फ्रेममध्ये निकेल असतं, ते अनेकांच्या त्वचेला सोसत नाही. घरातलं लोहचुंबक लावलं तर दांडी चिकटली. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही. मात्र चिकटली नाही म्हणजे टायटॅनियमच, असंही समजू नये, कारण न चिकटणारे स्वस्त धातूही आहेत. दांडी बाहेर वाकते तीही बिजागरीतल्या स्प्रिंगमुळे, धातूच्या गुणामुळे नव्हे. मुळात ती फ्रेम ताईच्या चेहऱ्याला मोठी होती. दांडीच्या आतल्या बाजूला ५२, १८, १४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा जो नाकावर न घसरता बसतो त्याचे आकडे लिहून न्यावेत. सैल फ्रेम घामाने खाली सरकते आणि तिच्याबरोबर काचेतला वाचायचा भागही. वाकून काम करणाऱ्याला सिलिकॉनच्या नोजपॅडची धातूची फ्रेम बरी पडते, कारण ती नाकाप्रमाणे वळवता येते. शेल, म्हणजे जाड प्लास्टिकची, फ्रेम गरम करून नीट बसवता येते. टीआर-९० नावाच्या प्लास्टिकची फ्रेम हलकी आणि चिवट असते, पण एकदा घेतली की फारशी वळत नाही, म्हणून दुकानातच घालून, मान खाली घालून, हलवून बघावी.

शेवटी ताईला काय लागलं? फक्त जवळचा चष्मा. सीआर-३९ ची साधी काच, हार्ड कोट आणि अरुंद शेल फ्रेम, गिऱ्हाईक आलं की वरून बघता येईल अशी. सेलूतच हजाराच्या आत झाला. तो घालून ती पहिल्याच संध्याकाळी काठाचा ब्लाऊज शिवायला बसली आणि म्हणाली, "आता टाका दिसतोय बग."

याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्या शिबिरात डोळ्यांची तपासणी झालीच नव्हती, फक्त चिठ्ठी काढली होती. चाळिशीनंतर डोळ्यातला दाब तपासायला हवा. काचबिंदूत बहुतेक वेळा काही दुखत नाही, नजर कडेकडून जात राहते आणि गेलेली परत येत नाही. मधुमेह असेल तर पडदाही बघायला हवा. साखर वर-खाली होत असेल तर नंबरसुद्धा बदलत राहतो, तेव्हा ती आटोक्यात आल्यावरच चष्मा करावा. ताईच्या शेजारच्या काकूंनी याच शिबिरातून चष्मा केला, त्यांना साखरेबद्दल कुणी विचारलंही नव्हतं.

आता पैशांचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. "सवय होईल" म्हणत महिना घालवण्यामागे हेच गणित आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्रास वाटला तर व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून तक्रार करा. फोनवर बोललेलं कुठे राहत नाही. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. त्यानंतर दुकानाने काचेचे म्हणून पाच हजार परत केले. फ्रेमचे साडेतीन हजार द्यायला तयार नाहीत, "वापरलेली आहे" म्हणतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, तेव्हा तिथले कागद आम्ही तयार करतो आहोत.

मानवत, पाथरी, जिंतूरकडे याच पद्धतीने चष्मे गेले असल्याचं कानावर आलं आहे. तुमच्या घरात असा चष्मा असेल तर तो 'दुरुस्तीला' म्हणून त्याच दुकानात देऊ नका, काच बदलली की पुरावा गेला. आधी दुसऱ्या ठिकाणी लेन्सोमीटरवर लावून त्याचा नंबर सहीनिशी लिहून घ्या, फ्रेमचे आणि कोरलेल्या खुणांचे फोटो काढा, आणि ती बिलाची चिठ्ठी, कितीही फाटकी असली तरी, जपून ठेवा.