१९८३ ची जेव्ही स्ट्रॅट, चार वर्षांनंतर

आधीच सांगून टाकतो, कलेक्टर मंडळींनी हा रिव्ह्यू वाचून बीपी वाढवून घेऊ नये, मी या गिटारचे ओरिजिनल फ्रेट्स, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून टाकलेत.

गिटार आहे फेंडर जपानची एसटी ६२-६५, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारची जपानी आवृत्ती. चार वर्षांपूर्वी इथे टोकियोत ओचानोमिझूला घेतली. स्टेशनातून बाहेर पडलं की मेइजी युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर उतारभर गिटारचीच दुकानं, आपल्या लक्ष्मी रोडला साड्यांची असतात ना तशी. नावातलं ६२ म्हणजे १९६२ च्या स्ट्रॅटवर बेतलेली आणि ६५ म्हणजे तेव्हाची किंमत, ६५ हजार येन. मला पडली १ लाख ४८ हजाराला. बायको म्हणाली, वापरलेली वस्तू दुप्पट भावाने घेणारा तूच पहिला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण अमेरिकेतली खरीखुरी १९६२ ची घ्यायला गेलो असतो तर पुण्यातला फ्लॅट विकावा लागला असता हे मी तिला सांगितलं नाही.

या गिटारींची गंमत अशी की सत्तरच्या दशकाच्या शेवटी टोकाई, ग्रेको वगैरे जपानी कॉप्या इतक्या चांगल्या यायला लागल्या की फेंडरच्या नाकी नऊ आले, मग १९८२ मध्ये त्यांनी ग्रेकोवाल्या कांदा शोकाई कंपनीलाच हाताशी धरून फेंडर जपान काढली आणि गिटारी बनवायला दिल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडे. १९८२ ते ८४ चे सिरियल नंबर जेव्हीने सुरू होतात, जेव्ही म्हणजे जपान व्हिंटेज.

पण नुसता नंबर बघून हुरळून जाऊ नका. तो मागच्या नेक प्लेटवर, म्हणजे नेक (दांडा) बॉडीला जोडणाऱ्या पत्र्यावर, असतो आणि प्लेट म्हणजे चार स्क्रू, कुणीही दुसऱ्या गिटारवर लावू शकतो. मी दुकानात नेक उघडून दाखवा म्हटलं तर त्या पोराचा चेहरा पडला, पण उघडली बिचाऱ्याने. बुडाशी पेन्सिलने पुसट झालेली तारीख होती, मागच्या मालकाने नेक बसते त्या खाचेत ठासलेलं व्हिजिटिंग कार्डही निघालं. कार्ड मी तसंच परत ठेवलं, त्याने नेकचा अँगल बरोबर बसतो.

आवाज? नेककडच्या पिकअपवर (पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारं चुंबकाचं वेटोळं) टोन थोडा खाली करून हळूच वाजवा, विषय संपला. ब्रिज पिकअप, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडचा, मात्र कानात सुई टोचल्यासारखा, कारण जुन्या वायरिंगप्रमाणे त्याला टोनचं बटणच नाही. आणि हम, म्हणजे विजेची गुणगुण, आहे. पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, आहेत म्हटल्यावर असणारच, शिवाय जुन्या पद्धतीत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला नसतो त्यामुळे दोन पिकअप एकत्र लावले तरी हम जात नाही. एक आगाऊपणाची माहिती, टोकियोत वीज ५० हर्ट्झची आणि ओसाकात ६० ची, म्हणजे टोकियोतला हम षड्ज धरला तर ओसाकातला बरोब्बर कोमल गंधार लागतो. दोन्हीकडे वाजवून बघितलंय, मित्र कंटाळले.

खरी डोकेदुखी दोन. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचा, स्क्रू नेकच्या बुडाशी आहे, म्हणजे जूनमध्ये इथला पाऊस सुरू झाला आणि नेक हलली की तारा सैल करा, पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून त्या जागेवर धरा, नेक सोडवा, स्क्रू पाव फेरा फिरवा, परत बसवा, सूर लावा, आणि मग कळतं की जरा जास्तच फिरवला. वर्षातून दोनदा हा कार्यक्रम.

दुसरी म्हणजे फ्रेट्स. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं ठेवायची पट्टी, सव्वासात इंच रेडियसचा, म्हणजे चांगला गोल, कॉर्ड धरायला हात अगदी सुखात. पण फ्रेट्स आधीच घासून घासून पापडासारखे झालेले, त्यामुळे पंधराव्या फ्रेटवर तार पूर्ण सूर ओढली की स्वर अर्ध्यात मुका. मला तर मींड घेतल्याशिवाय वाजवताच येत नाही, मग काय नुसतं बघत बसू तिच्याकडे? तीन वर्षं ओरिजिनल आहे ओरिजिनल आहे म्हणत काढली आणि त्या काळात ती बहुतेक वेळ केसमध्येच होती. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली, त्याने आधी तीनदा विचारलं नक्की ना, मग थोडे उंच फ्रेट्स बसवले, बोर्डाची गोलाई तशीच ठेवली.

आता रोज वाजते. घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण फ्रेट्सचा खर्च धरूनच भाव करा आणि घरात स्क्रूड्रायव्हर चांगला ठेवा. जुने एकवीस फ्रेट्स मी सुपारीच्या डबीत घालून केसमध्ये ठेवलेत. पुढे विकताना दाखवीन म्हटलं तर दुकानदार म्हणाला, त्याने गेलेली किंमत काही परत येत नाही. डबी केसमध्येच आहे, गिटार हलवली की खुळखुळते.