१२० दिवसांचं प्रचार पॅकेज: कुणी घ्यावं, कुणी नको

निवडणूक सल्लागार हल्ली प्रचार दिवसांवर विकतात: १५, ४५ नाहीतर १२०. १२० वाल्याची जाहिरात सगळ्यात जोरात. सोबत एक तक्ता येतो, त्यात लवकर मैदानात उतरलेले उमेदवार जास्त जिंकलेले दिसतात.

त्या तक्त्यावर जाऊ नका. लवकर उतरतो कोण? ज्याच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, बहुतेकदा आधीची खुर्चीही आहे. त्यातले बरेच जण पंधरा दिवसांतही निवडून आले असते. तक्ता मागायचाच तर विद्यमान सदस्य वगळून मागा, आणि मागच्या वेळी त्याच मतदारसंघात पक्षाला किती टक्के मतं होती तो रकाना जोडून मागा. दिवस कुठून मोजलेत हेही विचारा. जपानमध्ये कनिष्ठ सभागृहाचा अधिकृत प्रचार १२ दिवसांचा असतो, पण उमेदवार त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत असतात.

लांब प्रचार अंगाशी येतो तो असा. कॅनडात २०१५ साली सत्ताधारी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ७८ दिवसांचा प्रचार लावला. ३७ दिवसांपुढे प्रत्येक दिवसागणिक खर्चाची मर्यादा वाढत होती, आणि त्यांची तिजोरी भरलेली होती. तरी मावळत्या सभागृहात तिसऱ्या क्रमांकावर असलेले लिबरल ३३८ पैकी १८४ जागा घेऊन गेले. ब्रिटनमध्ये १८ एप्रिल २०१७ ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी निवडणूक जाहीर केली तेव्हा काही चाचण्यांत त्यांची आघाडी वीस टक्क्यांच्या आसपास होती. ८ जूनला मतांमधलं अंतर अडीच टक्क्यांच्या आत आलं आणि बहुमत गेलं. याउलट अमेरिकेत जिमी कार्टर यांनी डिसेंबर १९७४ मध्येच उमेदवारी जाहीर केली. राज्याबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं, आणि १९७६ साली ते अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. वेळ कामाला येतो तो ओळख करून द्यायला. ज्याची ओळख आधीच झालीय, त्याला लांब प्रचारात चुका करायला फक्त जास्त दिवस मिळतात.

आता पॅकेजमधला खरा माल, म्हणजे घरोघरी भेटी. दोन लाख मतदार म्हणजे साधारण ६०,००० दारं धरा. कार्यकर्त्यांची एक जोडी संध्याकाळच्या तीन तासांत ४० दारं करते. पन्नास जोड्या असतील तर रोज २,००० दारं, म्हणजे एका फेरीला ३० दिवस. १५ दिवसांत अर्धा मतदारसंघ कोराच राहतो. ४५ मध्ये एक फेरी पुरी होऊन बंद दारं आणि कुंपणावरचे मतदार यांच्यासाठी १५ दिवस उरतात. अट एकच: बंद दाराची नोंद त्याच संध्याकाळी यादीत व्हायला हवी. ती राहिली की दुसरी फेरी आंधळी होते. १२० मध्ये चौथ्यांदा तेच पत्रक घेऊन गेलेला कार्यकर्ता दारात उभा राहतो, आणि पन्नास जोड्यांच्या तीस झालेल्या असतात.

रोजचा सर्व्हे हा पॅकेजमधला सगळ्यात फुगवलेला भाग. रोज २०० माणसांना विचारलं तर अंदाज चुकण्याची मर्यादा साधारण सात टक्के, वर किंवा खाली. काल पाठिंबा ४१ टक्के आणि आज ४४ झाला म्हणून भाषण बदलणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आठवड्यातून एकदा १,००० जण विचारले तर ती मर्यादा तीनवर येते. तेवढं पुरे.

पैशाचा किमान तिसरा हिस्सा शेवटच्या दहा दिवसांसाठी राखलेला आहे का, ते वेळापत्रकात बघा. जिथे टपाली किंवा आगाऊ मतदान मोठं असतं तिथे हे दहा दिवस मतपत्रिका घरी पोहोचण्याच्या तारखेपासून मागे मोजायचे. हे गणित बहुतेक पॅकेजांत चुकलेलं असतं.

नवखा उमेदवार आणि हाताशी भरपूर माणसं असतील तर १२० दिवसांना पाचपैकी साडेतीन गुण. ओळखीच्या चेहऱ्याला दीड. ४५ वालं बहुतेकांना पुरतं. कुठलंही घेतलंत तरी दुरुस्त केलेली मतदारयादी शेवटी तुमच्याकडे राहील, हे करारात लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी तीच यादी तुम्हालाच पुन्हा विकली जाते.