घटस्फोटित माणूस डीकन: सरसकट नाही की केस बघून?

डीकन, म्हणजे चर्चच्या कामात मदत करणारा नेमलेला सेवक, म्हणून ज्याचं नाव आलंय त्याचा घटस्फोट झालाय, दुसरं लग्नही केलंय, मग काय करायचं असं एकाने विचारलंय. बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथात वरून हुकूम येत नाही, प्रत्येक चर्च स्वतः ठरवतं.

सरसकट नाही म्हणणारे बायबलच्या १ तीमथ्य ३:१२ मधली 'एका स्त्रीचा पती' ही अट कडक धरतात, चौकशी नको वाद नको, पण ज्याला बायकोच सोडून गेली त्यालाही तीच शिक्षा, हे मला खरंच टोचतं.

केस बघणारे मत्तय १९:९ मधला व्यभिचाराचा अपवाद धरतात, कारण काय, आताचा संसार कसा, सगळं विचारतात, वेळ जातो, कुजबुजही होते. अटलांटाचे चार्ल्स स्टॅनली २००० मध्ये घटस्फोट होऊनही पास्टर राहिले, पुन्हा लग्न मात्र केलं नाही.

चर्च आधीच फुटायच्या बेतात असेल तर पहिलं, शांतपणे ऐकून घेणारी माणसं असतील तर दुसरंच.